मेलेले सेन्सर भंगारात टाकू नका, कॉलेजात पाठवा

रात्रपाळीत दोन-अडीचला फोन येतो, "सर, प्रॉक्सी उडाली, लाईन थांबलीय." पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात ज्याने मेंटेनन्समध्ये वर्षं काढलीत त्याला हे वाक्य काही नवीन नाही. प्रॉक्सी म्हणजे प्रॉक्सिमिटी सेन्सर, बोटाएवढी नळी, समोर लोखंड आलं की आलं म्हणून सांगते, गेलं की गेलं म्हणून सांगते, एवढंच तिचं काम, पण तिने तोंड मिटलं की लाखोंचं मशीन हात बांधून उभं. मग आपण काय करतो, स्टोअरमधून नवी काढतो, दोन नट, एक कनेक्टर, लाईन चालू, आणि मेलेली प्रॉक्सी जाते भंगाराच्या ड्रममध्ये. मला जे बोलायचंय ते या ड्रमबद्दल.

कॉलेज आणि इंडस्ट्रीने हातात हात घालून काम करावं, यावर आता वाद घालणारा माणूस शोधून सापडणार नाही. इंजिनिअरिंग कॉलेजची कुठलीही वेबसाइट उघडा, एमओयूचे, म्हणजे सामंजस्य कराराचे फोटो आहेतच, शाल, नारळ, मागे फ्लेक्स, मधे फाइल धरलेले दोन सूट. मी अशा दोन-तीन फोटोंत स्वतः मागच्या रांगेत उभा आहे म्हणून सांगतो, त्यातल्या एकाही फाइलमधून पुढे काही निघालं नाही. सेन्सरच्या बाबतीत तरी माझं मत पक्कं झालंय की खरा फायदा तेव्हा सुरू होतो जेव्हा कंपनी कॉलेजला चेकच्या आधी आपला बिघाड देते. बिघडलेला तुकडा, तो कुठल्या मशीनवर होता, किती दिवस चालला, कशाने मेला असं वाटतं. हे द्यायला कंपन्या लाजतात आणि हे मागायला कॉलेजं विसरतात, सगळं घोडं इथेच पेंड खातं.

माझ्याच आधीच्या कंपनीतली गोष्ट सांगतो. मशीन शॉप, दिवसरात्र कूलंट, म्हणजे कापताना गार ठेवणारा द्रव उडतोय, आणि एका फिक्श्चरवरच्या (जॉब धरून ठेवणाऱ्या साच्यावरच्या) प्रॉक्सी दर तीन-चार आठवड्यांनी जायच्या. आम्ही ब्रँड बदलला, मग परत बदलला, स्वस्तातली चायनाची लावून बघितली, मग वैतागून महागातली जर्मन लावली, ती दोन महिने टिकली आणि तीही गेली. डेटाशीटवर ठसठशीत लिहिलेलं आयपी ६७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत पाणी जाणार नाही. व्हेंडर म्हणायचा तुमच्याकडे व्होल्टेज फ्लक्च्युएशन आहे, आम्ही म्हणायचो तुझा माल खराब, आणि पर्चेसवाले म्हणायचे दोघंही गप्प बसा, पुढची ऑर्डर किती नगांची ते सांगा.

त्या वर्षी इन्स्ट्रुमेंटेशनची एक मुलगी सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला आली होती. तिला काय काम द्यावं कुणाला सुचेना म्हणून मीच म्हटलं, त्या ड्रममधल्या प्रॉक्सी उघडून बघ काय दिसतंय का. खरं सांगायचं तर पोरीला कामाला लावायचं म्हणून सांगितलं होतं. तिने आठ-दहा नग कॉलेजात नेले, तिथल्या वर्कशॉपमध्ये उभे कापले, आणि तिच्या सरांनी मायक्रोस्कोपखाली ठेवले. समोरचा फेस ठणठणीत. बॉडीचं सील ठणठणीत. कूलंट शिरला होता मागून, केबलच्या आतून. आमच्या फिक्श्चरवर केबल सतत वाकायची, वरचं पीव्हीसी कूलंटमधल्या तेलाने कडक होऊन बारीक तडकायचं, आणि आतल्या तांब्याच्या तारांमधून कूलंट वर चढायचा, जसं दिव्यात तेल वातीतून चढतं तसं, थेट सर्किटपर्यंत. सरांनी मग आमच्याच टाकीतला कूलंट मागवला (नवा डब्यातला नको, वापरलेलाच पाठवा म्हणाले, तेव्हा मला ते जरा विचित्र वाटलं होतं), त्यात केबलचे तुकडे टाकून ओव्हनमध्ये साठ डिग्रीला ठेवले. काही दिवसांनी पीव्हीसीचा तुकडा वाकवला तर पापडासारखा मोडला. शेजारचा पॉलियुरेथेनचा तुकडा होता तसाच. उपाय काय निघाला, तर त्याच प्रॉक्सी पीयूआर, म्हणजे पॉलियुरेथेन केबलच्या मागवा. थोडे पैसे जास्त. आम्ही वर्षभर ब्रँडवरून भांडत होतो आणि रोग शेपटीत होता.

यात शोध काही लागला नाही, पेटंट नाही, पेपर नाही. पण आयपी ६७ ची टेस्ट स्वच्छ पाण्याची असते आणि आमच्याकडे पाणी नसतंच मुळी, तेल-पाण्याचं काळपट मिश्रण असतं, त्यात ॲल्युमिनियमचा चुरा, हे त्या सरांना आमच्या टाकीतला कूलंट हातात आल्यावर कळलं, आणि आम्हाला आयपी म्हणजे नेमकं काय ते त्यांच्याकडून कळलं. दोघांकडेही अर्धीअर्धी माहिती होती.

बाकी बऱ्याच गोष्टी लॅबमध्ये चालल्या की बाहेरही बऱ्यापैकी चालतात. सेन्सरचं तसं नाही. सेन्सर म्हणजे शेवटी एक पदार्थ, ज्याच्यावर बाहेरच्या जगाचा परिणाम व्हावा म्हणूनच आपण तो तिथे ठेवलाय, आणि मग जग काय फक्त तुम्हाला हवा तेवढाच परिणाम करून थांबतं का. प्रेशर मोजायला ठेवलेला सेन्सर टेम्परेचरनेही हलतो, गॅस मोजणारा दमट हवेनेही हलतो. पावसाळ्यात सगळेच हलतात. कॉलेजच्या लॅबमध्ये एसी पंचवीसवर, टेबल स्थिर, सप्लाय स्वच्छ, आणि इथे शेजारी वेल्डिंग चालू, क्रेन जाते तेव्हा जमीन थरथरते. एका कॉलेजच्या मुलांनी मोटरच्या व्हायब्रेशनवरून बेअरिंग कधी जाणार ते सांगणारा प्रोजेक्ट आमच्याकडे आणला होता. डेमो लॅबमध्ये सुंदर झालेला, बक्षीस पण मिळालेलं. आमच्याकडे लावला आणि शेजारचं स्पॉट वेल्डिंग सुरू झालं की प्रत्येक ठोक्याला बेअरिंग गेलं, बेअरिंग गेलं असा ओरडायला लागला. मुलं हिरमुसून बॅग भरून गेली आणि परत आलीच नाहीत. चूक मुलांची नव्हती, ज्या दिवशी खरं काम सुरू व्हायला हवं होतं त्याच दिवशी त्यांची सेमिस्टर संपली होती.

आता जरा मोठी उदाहरणं घेऊ, नाहीतर हा मेंटेनन्सवाला आपल्या ड्रमाबाहेर बघतच नाही म्हणाल.

एक एप्रिल २०२० पासून आपल्याकडे गाड्यांच्या धुराचा बीएस-६ नियम आला, आणि तेव्हापासून साध्या बाईकच्या सायलेन्सरच्या पाइपावर पण एक सेन्सर बसायला लागला, गॅरेजवाले त्याला ओटू सेन्सर म्हणतात. धुरात ऑक्सिजन किती उरलाय बघतो आणि त्यावरून इसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो. याचं मूळ बघायला गेलं तर जर्मनीतल्या ग्योटिंगेन युनिव्हर्सिटीत सापडतं. वाल्थर नर्न्स्ट तिथे प्रोफेसर होता, आणि १८९७ च्या सुमाराला त्याने शोधून काढलं की झिर्कोनियासारखं सिरॅमिक तापवलं की त्यातून वीज वाहते. ती वाहून नेतात ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण. त्याने त्याचा दिवा केला आणि त्याचे हक्क एईजी कंपनीला रग्गड पैसे घेऊन विकले. दिवा काही फार टिकला नाही, टंगस्टनच्या बल्बने त्याला खाल्लं. पण झिर्कोनिया राहिलं, आणि १९७६ मध्ये बॉशने त्याचाच लॅम्ब्डा सेन्सर, म्हणजे हाच ओटू, करून व्होल्वोच्या गाड्यांत बसवला, तोही कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम कडक झाले म्हणून. मधे जवळपास ऐंशी वर्षं! मूळ शास्त्र युनिव्हर्सिटीचं, पण पेट्रोलमधलं शिसं, काजळी, थंडीत गार पाइप एकदम शेकडो डिग्रीवर जाणं, हे सगळं सोसून सिरॅमिक तडकू नये ही अक्कल कंपनीची. नर्न्स्टला ती सुचायचं कारण नव्हतं आणि बॉशला नर्न्स्टशिवाय सुरुवातच करता आली नसती.

दुसरं उदाहरण उसाच्या गाडीचं. महाराष्ट्रात काटामारी हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही, गाळप सुरू झालं की दर वर्षी वजनकाट्यावरून भांडण आहेच, त्यात कोण खरं कोण खोटं यात मी पडत नाही. पण काट्याखाली काय असतं ते बघण्यासारखं आहे. लोड सेल असतात, म्हणजे पोलादाचा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेच्या स्ट्रेन गेज. वजन आलं की ठोकळा केसाच्या कितव्या तरी भागाइतका दबतो, तार ताणली जाते, तिचा रेझिस्टन्स बदलतो. साधारण लोड सेल दर व्होल्टमागे दोन मिलिव्होल्ट देतो, दहा व्होल्ट सप्लाय दिला तर पूर्ण लोडला वीस मिलिव्होल्ट. पन्नास टनाचा काटा धरला तर दहा किलो ऊस म्हणजे चार मायक्रोव्होल्ट! चार मायक्रोव्होल्ट, उघड्यावर, चिखलात, उंदरांनी कुरतडलेल्या केबलीतून. कुणी मुद्दाम काही न करताही काटा चुकू शकतो आणि कुणी मुद्दाम करायचं ठरवलं तर किती थोडं करावं लागेल, दोन्ही यातून कळतं.

ही स्ट्रेन गेज अमेरिकेत दोन युनिव्हर्सिट्यांत जवळपास एकाच वेळी, १९३८ च्या आसपास तयार झाली. एमआयटीत आर्थर रूज नावाचा प्रोफेसर भूकंपात पाण्याच्या उंच टाक्यांचं काय होतं ते छोट्या मॉडेलवर बघत होता, टाकीचा पत्रा इतका पातळ की त्यावेळचं कुठलंही मोजायचं यंत्र त्यावर बसवलं तर यंत्रच टाकीपेक्षा जड, म्हणून त्याने बारीक तार कागदावर चिकटवून तो कागद टाकीला डकवला. तिकडे कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्सने तेच वेगळ्या कामासाठी केलं होतं. गंमत पुढे आहे. एमआयटीच्या पेटंट कमिटीने बघितलं आणि याला व्यापारी उपयोग काही फारसा दिसत नाही म्हणून हक्क रूजला देऊन टाकले. कॅलटेक आणि सिमन्स यांच्यात मात्र हक्क कुणाचा यावरून कोर्टबाजी झाली आणि १९४९ मध्ये निकाल सिमन्सच्या बाजूने लागला. बनवायला घेतली रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या बाल्डविनच्या गोतावळ्यातल्या कंपनीने, नाव ठेवलं एसआर-४, सिमन्सचा एस, रूजचा आर, आणि या कामात एकूण माणसं चार म्हणून ४. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पंखांवर त्या ढिगाने चिकटवल्या गेल्या.

कॉलेजच्या कमिटीला आपल्या शोधाची किंमत कळत नाही, हे एक. ती कळते कारखान्यात. आणि दुसरं म्हणजे हक्काचं आधी बोलून घ्या, सगळं गोड आहे तोवर. आपल्याकडे उलट, आधी चहा, मग काम, मग काम जमतंय असं दिसलं की एकदम दोन्हीकडचे वकील. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाच्या हक्कांसाठी २००८ मध्ये राज्यसभेत एक विधेयक आलं होतं, ते पुढे मागेच घेतलं गेलं, त्यामुळे अजून ज्याची त्याची पॉलिसी आणि ज्याची त्याची ओढाताण. माझ्या छोट्या डोक्याला एवढं समजतं की टेस्ट कशी करायची, काय तडकलं, का तडकलं, हे छापू द्यावं, त्यात कंपनीचं काही जात नाही. सेन्सरच्या पेस्टमध्ये काय कालवलं आणि भट्टीचं टेम्परेचर किती, हे कंपनीने ठेवावं. एवढं पानभर आधी लिहिलं तरी निम्मी भांडणं होणार नाहीत.

कुणी म्हणेल कंपनी कॉलेजात घुसली की प्रोफेसर कंपनीचा नोकर होतो, मूळ शास्त्र कोण करणार. भीती खोटी नाहीये. मी स्वतः अशा कंपन्या बघितल्यात ज्यांना कोलॅबोरेशन म्हणजे फुकटातले इंटर्न वाटतात, सहा महिने एक्सेल भरून घेतात आणि सर्टिफिकेट देतात. ते बंदच व्हायला पाहिजे, मुलाला पैसे देत नसाल तर मुलगा मागू नका. पण दुसऱ्या बाजूला काय चाललंय तेही बघा. इंटरव्ह्यूला मुलगा येतो, विचारलं सेन्सरचा सिग्नल कुठला तर फोर टू ट्वेंटी मिलिॲम्प, म्हणजे चार ते वीस मिलिॲम्प करंट, तोंडपाठ. चारपासूनच का, शून्यापासून का नाही, विचारलं की छताकडे बघतो. अरे, तार तुटली की शून्य येतं, आणि टाकी रिकामी असली की चार येतं, मुख्यतः त्यासाठीच तर चार! हे पुस्तकात आहे, पण ज्याने रात्री तीनला तुटलेली तार शोधलीय त्याला ते परत विचारावं लागत नाही. प्लांटमध्ये पाऊल न टाकल्याने मूळ शास्त्र वाचतं असं मला तरी दिसलेलं नाही.

उलट प्लांटमधूनही मूळ गोष्टी निघतात. आपली ही प्रॉक्सीच घ्या, १९५८ मध्ये पेपर्ल-फुक्स या तेव्हाच्या छोट्याशा जर्मन कंपनीने काढली ती बीएएसएफच्या केमिकल प्लांटची अडचण सोडवायला, ठिणगी पडून स्फोट व्हायची भीती आणि स्विचचे कॉन्टॅक्ट गंजून जायचे म्हणून. म्हणजे युनिव्हर्सिटी नसली तर काहीच होत नाही असंही मी म्हणत नाहीये.

वेळेचं मात्र युनिव्हर्सिटीशिवाय जमत नाही. मुंबई आयआयटीत २००६ मध्ये केंद्राच्या पैशातून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं सेंटर उभं राहिलं, बंगलोरच्या आयआयएससीबरोबर. प्रोफेसर रामगोपाल राव यांच्या गटाने तिथे मायक्रोकँटिलिव्हरवर काम केलं, म्हणजे डोळ्याला न दिसणारी फळी, एका टोकाला धरलेली, तिच्यावर स्फोटकाचे कण येऊन बसले की ती किंचित वाकते. त्यातून नॅनोस्निफ कंपनी निघाली, आणि स्फोटक हुंगणारा नॅनोस्निफर बाजारात आला २०२१ मध्ये. पंधरा वर्षं. कुठल्या कंपनीचा एमडी पंधरा वर्षं थांबेल सांगा, आमच्याकडे तर पंधरा दिवसांत प्रेझेंटेशन मागतात. पण नुसतं आयआयटीत राहिलं असतं तर ते पेपरांतच राहिलं असतं, कंपनी निघाली म्हणून ते डब्यात बसलं, गार्डच्या कामी आलं. तिथली क्लीनरूम, म्हणजे धूळ नसलेली लॅब, इतर कॉलेजच्या संशोधकांनाही एका सरकारी योजनेतून वापरता येते, हे आपल्या कितीतरी कॉलेजांत माहीतच नसतं. पाषाणला सी-मेट आहे, इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या मटेरियलवरच काम करणारी सरकारी लॅब, भोसरीपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर (ट्रॅफिक धरला तर तुमचं नशीब). किती शॉपवाले तिथे आपला मेलेला सेन्सर घेऊन गेलेत?

पैशाचं बोलू. देश म्हणून आपण संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो आणि त्यातला खाजगी कंपन्यांचा वाटा साधारण एक तृतीयांशाच्या आसपास. मोठ्यांचं मोठे बघतील, मला काळजी आहे ती वीस-तीस माणसांच्या शॉपची, ज्याच्या मालकाला प्रोफेसर म्हणजे आपल्या मुलाचे मार्क कापणारा माणूस एवढंच माहितीय. तो एकटा काय प्रोजेक्ट देणार. जर्मनीत यासाठी फ्राउनहोफर आहे, १९४९ पासून, तिथे सरकारकडून मूळ पैसा ढोबळमानाने तीस टक्के येतो आणि बाकीचं इन्स्टिट्यूटने कामं मिळवून कमवायचं, आणि इन्स्टिट्यूटचा डायरेक्टर बहुतेक वेळा शेजारच्या युनिव्हर्सिटीत प्रोफेसरही असतो, त्यामुळे मुलं आपोआप खरी कामं करतात. छान आहे. पण आपण लगेच जर्मनीला जायची गरज काय, इथेच बघा ना. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ ची, गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी सरकारबरोबर मिळून काढलेली, बाजारात एकमेकांचे गळे कापणारे तिथे एकाच छताखाली येतात. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५ ची, सहकारी साखर कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे वर्गणी काढून चालवलेली. त्या वर्गणीवर वाद होतात, होऊ देत, पण वर्गणी काढून आपली लॅब चालवायची हा विचार आपल्याला परका नाही, गणपतीपासून सगळं आपण वर्गणीवरच करतो.

मग भोसरी, चाकण, रांजणगावच्या शॉपवाल्यांनी वर्गणी काढून एखाद्या इन्स्ट्रुमेंटेशन डिपार्टमेंटात नुसती एक सेन्सर पोस्टमॉर्टेमची खोली का चालवू नये? क्लीनरूम नको, कोट्यवधी नकोत. एक कापायचं मशीन, मायक्रोस्कोप, ओव्हन, एक थरथरणारं टेबल, कायमचा एक टेक्निशियन, आणि दर सेमिस्टरला बदलणारी पोरं. टेक्निशियन कायमचा हवा यावर मी अडून बसेन, कारण पोरं पास होऊन जातात आणि शहाणपण त्यांच्याबरोबर जातं. आमच्या त्या केबलच्या प्रकरणाचं तेच झालं. मुलगी पास झाली, सरांची बदली झाली, मी कंपनी सोडली, आणि मागे कळलं की नवीन पर्चेसवाल्याने पैसे वाचवायला परत पीव्हीसी केबलच्या प्रॉक्सी मागवल्या. कुठेच लिहून ठेवलं नव्हतं ना. एक पान नव्हतं.

प्रोफेसरांचीही एक अडचण आहे. त्यांचं प्रमोशन पेपरवर, आणि "कूलंटमध्ये केबल का तडकते" यावर पेपर कोण छापणार. हे काम मोजायची काही सोय युनिव्हर्सिटीला करावी लागेल, म्हणजे कंपनीने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं की यांच्यामुळे आमचा बिघाड थांबला तर त्याला काहीतरी वजन द्या. चार मायक्रोव्होल्टचं द्या, पण द्या.

आत्ताच्या कंपनीत मी ड्रम बंद केलाय. माझ्या टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, मेलेला प्रत्येक सेन्सर त्यात, प्रत्येकाला कागदी टॅग, मशीन नंबर, लावल्याची तारीख, काढल्याची तारीख. परवा मोजले तर सव्वीस भरले. कॉलेजातले एक सर बघायला तयार झालेत, येत्या शनिवारी गाडीला डबा लटकवून जायचंय. त्यांनी फोनवर एकच विचारलं, सगळ्यांना टॅग आहेत ना. सात जणांना नाहीयेत, रात्रपाळीवाले लावत नाहीत.